धूर, शास्ती आणि भरपाई: करजगी आणि सीमाभागातील वाचकांसाठी मार्गदर्शन

हवा (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९८१ या कायद्याचा भंग झाला, तर आता बहुतेक प्रकरणांत फौजदारी खटला चालत नाही, पैशांची शास्ती होते. संसदेने २०२३ मध्ये केलेल्या जनविश्वास (तरतुदींची सुधारणा) अधिनियमाने हा बदल केला आणि हवा कायद्यापुरता तो १ एप्रिल २०२४ पासून लागू झाला. पूर्वी ज्या भंगाला कैदेची शिक्षा होती, तिथे आता चौकशी करणारा अधिकारी रक्कम ठरवतो. बदल सोपा दिसतो, पण त्यातून गोंधळ वाढला आहे. ‘कारखान्याला दंड झाला, मग आमच्या तुरीचे पैसे कधी मिळणार?’ हा प्रश्न शेतकऱ्याकडून वारंवार येतो. ‘दंड भरला, आता नोटीस संपली ना?’ असे खडी क्रशरवाला विचारतो. दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच घोटाळा आहे. वेगवेगळ्या तीन रकमांना सगळे ‘दंड’ म्हणतात.

तीन रकमा वेगळ्या ओळखाव्यात

पहिली रक्कम शास्ती. ती कायदा मोडल्याबद्दल असते. चौकशी करून निर्णय देणारा अधिकारी ती ठरवतो आणि ती पर्यावरण संरक्षण निधीत जमा होते. तक्रारदाराला त्यातला एक रुपयाही मिळत नाही.

दुसरी रक्कम पर्यावरण भरपाई. ती प्रदूषण नियंत्रण मंडळ किंवा राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण लावते. बिघडलेले पर्यावरण सुधारण्यासाठी ती घेतात. नावात भरपाई असली तरी ही रक्कमही शेतकऱ्याच्या खात्यात येत नाही.

तिसरी रक्कम नुकसानभरपाई. पीक, विहीर, जनावर, घर किंवा माणसाची तब्येत यांच्या हानीबद्दल ती पीडित व्यक्तीला मिळते. ती फक्त राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे अर्ज करून मागता येते. तिची मुदत वेगळी, पुरावा वेगळा आणि शुल्कही वेगळे आहे.

सीमाभागात भाषेमुळे आणखी एक अडचण होते. कन्नड नोटिशीत ‘परिसर परिहार’ असे शब्द असतात. मराठी वाचणाऱ्याला त्यातून आजूबाजूचा काहीतरी निकाल लागला, असे वाटते. कन्नडमध्ये ‘परिसर’ म्हणजे पर्यावरण आणि ‘परिहार’ म्हणजे भरपाई. त्यामुळे ‘परिसर अधिकारी’ हा पर्यावरण अधिकारी असतो. कन्नड कागदावर सही करण्यापूर्वी तो वाचता येणाऱ्या माणसाकडून हे दोन शब्द तपासून घ्यावेत.

आधी हद्द ठरवावी

करजगी हे कलबुर्गी जिल्ह्यातील अफजलपूर तालुक्यातले होबळीचे गाव आहे. जवळच महाराष्ट्राची हद्द आहे आणि पलीकडे सोलापूर जिल्ह्याचा अक्कलकोट तालुका लागतो. धूर हद्द पाळत नाही, पण कार्यालये पाळतात. तक्रार कुठे द्यायची हे तक्रारदाराच्या घरावरून ठरत नाही, धुराचे किंवा धुळीचे मूळ कुठे आहे त्यावरून ठरते.

- मूळ कर्नाटकात असेल, तर तक्रार कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे द्यावी. कलबुर्गी जिल्ह्यासाठी कलबुर्गी येथे आणि औराद, भालकी, बसवकल्याणसह बीदर जिल्ह्यासाठी बीदर येथे मंडळाचे प्रादेशिक कार्यालय आहे.
- मूळ अक्कलकोट किंवा दक्षिण सोलापूर तालुक्यात असेल, तर तक्रार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सोलापूर येथील उपप्रादेशिक कार्यालयाकडे द्यावी.
- हरित न्यायाधिकरणाच्या दृष्टीने कर्नाटक चेन्नईच्या दक्षिण खंडपीठात आणि महाराष्ट्र पुण्याच्या पश्चिम खंडपीठात येतो. अर्जाचे कारण पूर्णतः किंवा अंशतः जिथे घडले, तिथल्या खंडपीठाकडे अर्ज करता येतो. त्यामुळे धुरांडे महाराष्ट्रात आणि जळालेले शेत कर्नाटकात असेल, तर दोन्ही खंडपीठांपैकी कोणते सोयीचे याचा विचार करण्यास वाव आहे. एकाच कारणासाठी दोन्हीकडे अर्ज मात्र करू नयेत.

कोणत्या भंगाला किती शास्ती

कायद्याने किमान आणि कमाल अशा दोन मर्यादा ठरवल्या आहेत. ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त उत्सर्जन केले (कलम २२) किंवा मंडळाने दिलेले निर्देश पाळले नाहीत (कलम ३१ अ), तर किमान १०,००० आणि कमाल १५ लाख रुपये शास्ती होते. भंग चालूच राहिला, तर प्रत्येक दिवसाला आणखी १०,००० रुपये लागतात. अधिकाऱ्याला अडवणे किंवा मंडळाला खोटी माहिती देणे यालाही १५ लाखांपर्यंत शास्ती आहे.

कैद पूर्णपणे गेली, हा समज चुकीचा आहे. ठरलेली शास्ती ९० दिवसांत भरली नाही, तर ३ वर्षांपर्यंत कैद, शास्तीच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. मंडळाच्या संमतीपत्राशिवाय कारखाना चालवणे हा वेगळा आणि गंभीर भंग आहे. त्यात मंडळ कारखाना बंद करण्याचा आणि वीज-पाणी तोडण्याचा आदेश देऊ शकते.

मर्यादा ओलांडली की नाही हे ठरवण्यासाठी त्या उद्योगाचे प्रमाण माहीत असावे लागते. या भागात वारंवार लागणारी प्रमाणे पुढीलप्रमाणे आहेत:

- साखर कारखाना: बगॅसवर चालणाऱ्या बॉयलरच्या धुरांड्यातून बाहेर पडणारे धूलिकण घनमीटरला १५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावेत. हे प्रमाण २०१६ पासून आहे.
- सिमेंट: भट्टीच्या धुरांड्यासाठी घनमीटरला ३० मिलिग्रॅम. वाडी, शहाबाद, मळखेड आणि सेडम या पट्ट्यातील वाचकांसाठी हा आकडा महत्त्वाचा आहे.
- खडी क्रशर: यंत्रापासून ३ ते १० मीटर अंतरावर मोजलेली धूळ घनमीटरला ६०० मायक्रोग्रॅमच्या आत हवी.
- वीटभट्टी: धुरांड्यातील धूलिकण घनमीटरला २५० मिलिग्रॅमच्या आत असावेत. नवी भट्टी वस्तीपासून आणि फळबागेपासून किमान ८०० मीटर दूर हवी. २०२२ च्या अधिसूचनेने झिगझॅग किंवा उभ्या शाफ्टच्या पद्धतीकडे वळणे बंधनकारक केले आहे.

गावातल्या हवेसाठी वेगळे प्रमाण आहे. २४ तासांच्या सरासरीत पीएम १० हे १०० आणि पीएम २.५ हे ६० मायक्रोग्रॅमच्या आत असावे. गावची हवा खराब आहे म्हणून अमुक कारखान्याने मर्यादा ओलांडलीच, असे सिद्ध होत नाही. शास्तीसाठी त्या कारखान्याच्या धुरांड्याची किंवा आवाराची मोजणी लागते. अनेक तक्रारी इथेच अडतात, म्हणून तक्रारीत ‘हवा खराब आहे’ एवढे लिहून थांबू नये. ‘अमुक धुरांड्याची मोजणी करावी’ अशी स्पष्ट मागणी करावी.

वाहने आणि कचरा हे दोन विषय वेगळ्या कायद्यांत येतात. पीयूसी नसलेल्या किंवा मर्यादेपेक्षा जास्त धूर सोडणाऱ्या वाहनाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० (२) नुसार १०,००० रुपयांपर्यंत दंड, ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते आणि ३ महिने लायसन्सही अपात्र ठरू शकते. गाडी नोंदल्याला एक वर्ष झाले की पीयूसी लागते. बीएस ४ आणि बीएस ६ गाड्यांना ती वर्षभर चालते, जुन्या गाड्यांना सहा महिने. २०२१ पासून पीयूसीचा नमुना देशभर एकच आहे, त्यामुळे सोलापुरात काढलेली पीयूसी अफजलपुरातही चालते. उघड्यावर कचरा जाळल्यास हरित न्यायाधिकरणाच्या डिसेंबर २०१६ च्या आदेशानुसार साध्या प्रकरणात ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरावे लागतात.

उसाच्या पाचटाबद्दलही विचारणा होते. पिकाचे अवशेष जाळल्याबद्दल ५,००० ते ३०,००० रुपयांची जी भरपाई वर्तमानपत्रांत वाचायला मिळते, ती दिल्ली राजधानी क्षेत्र आणि लगतच्या भागापुरती आहे. ती भीमा नदीकाठच्या या भागाला लागू नाही. तरीही पाचट जाळणे टाळावे. धुराने शेजाऱ्याचे नुकसान झाले, तर दायित्व लागू शकते आणि जमिनीतला सेंद्रिय कर्ब तर जळून जातोच.

पर्यावरण भरपाईचा हिशेब

पर्यावरण भरपाई किती होईल हे तक्रारदारानेही आणि उद्योजकानेही आधी मोजून पाहावे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१९ मध्ये घालून दिलेले सूत्र पाच आकड्यांचा गुणाकार आहे: प्रदूषण निर्देशांक, भंगाचे दिवस, रुपयांचा गुणक, उद्योगाचा आकार आणि ठिकाण. प्रदूषणाच्या प्रमाणानुसार उद्योगांचे रंगवार वर्ग असतात. लाल वर्गातील उद्योगाला निर्देशांक ८०, नारिंगीला ५० आणि हिरव्याला ३० धरतात. रुपयांचा गुणक १०० ते ५०० च्या दरम्यान असतो, सर्वसाधारणपणे २५० धरतात. आकाराचा गुणक लहान उद्योगाला ०.५, मध्यम उद्योगाला १ आणि मोठ्याला १.५ असतो. ठिकाणाचा गुणक मोठ्या शहरांजवळ वाढतो. ग्रामीण अफजलपूरमध्ये तो १ राहतो.

- लाल वर्गातील मोठा कारखाना: ८० × २५० × १.५ = दिवसाला ३०,००० रुपये.
- नारिंगी वर्गातील लहान उद्योग: ५० × २५० × ०.५ = दिवसाला ६,२५० रुपये.
- हिरव्या वर्गातील लहान उद्योग: हिशेब ३,७५० रुपये येतो, पण दिवसाला किमान ५,००० रुपये धरावेत असा नियम आहे.

या सूत्रात दिवस हा आकडा सर्वात निर्णायक आहे. भंग नोंदला गेला तो दिवस, किंवा निर्देश पाळण्याची मुदत संपली तो दिवस, इथून मोजणी सुरू होते आणि सुधारणा झाल्याची मंडळाने खातरजमा केली त्या दिवशी ती थांबते. धूर गेली तीन वर्षे निघत असेल, पण पहिली पाहणी काल नोंदली गेली असेल, तर हिशेब कालपासूनच होतो. तक्रारदाराने पहिली पाहणी लवकर घडवून आणणे यामुळे फार मोलाचे ठरते. उद्योजकाच्या बाजूने पाहिले, तर फिल्टर बसवला त्याच दिवशी मंडळाला लेखी कळवून खातरजमा मागितली पाहिजे. नाहीतर प्रत्यक्ष सुधारणा झाल्यानंतरचे आठवडेही हिशेबात धरले जातात.

मंडळांना ही भरपाई लावण्याचा अधिकार आहे का, हा वाद बरीच वर्षे चालला. ४ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली प्रदूषण नियंत्रण समिती विरुद्ध लोधी प्रॉपर्टी या निकालात तो मिटवला. कलम ३१ अ खाली मंडळे भरपाईची ठरावीक रक्कम लावू शकतात आणि संभाव्य हानीसाठी आगाऊ बँक हमीही मागू शकतात, असे न्यायालयाने म्हटले. मात्र त्यासाठी नियम केलेले असले पाहिजेत आणि संबंधिताला बाजू मांडण्याची संधी दिली पाहिजे. त्यामुळे नोटीस न देता थेट रक्कम कळवणारा आदेश आला, तर तो आव्हान देण्याजोगा असतो.

तक्रार कशी करावी

१. नोंदवही ठेवावी. तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा, धुराचा रंग, धूळ कोणत्या शेतावर बसली, याची रोज दोन ओळींत नोंद करावी. फोटो मोबाइलने काढताना तारीख आणि ठिकाण दिसू द्यावे. दहा शेतकऱ्यांच्या दहा वह्या एकमेकींशी जुळल्या, तर अधिकाऱ्याला त्या बाजूला सारणे अवघड जाते.

२. संमतीपत्र मिळवावे. प्रत्येक कारखान्याला मंडळाने घातलेल्या अटी त्याच्या संमतीपत्रात असतात: धुरांड्याची उंची, धूळ पकडणारे यंत्र, झाडांचा पट्टा, रस्त्यावर पाणी मारण्याची सक्ती. हे पत्र माहिती अधिकारात मागता येते. कर्नाटकात अर्जाचे शुल्क १० रुपये असते. एका अर्जात एकच विषय असावा लागतो आणि तो १५० शब्दांत बसवावा लागतो. ही अट मोडल्यास अर्ज फेटाळला जाऊ शकतो. साखर, डिस्टिलरी आणि सिमेंट उद्योगांना धुरांड्यावर सतत मोजणारे यंत्र बसवणे बंधनकारक आहे. त्या यंत्राच्या नोंदी वेगळ्या अर्जाने मागाव्यात.

३. लेखी तक्रार प्रादेशिक कार्यालयाला द्यावी आणि पोच घ्यावी. कारखान्याचे नाव, गाव आणि सर्व्हे क्रमांक लिहावा. कोणती अट मोडली आणि कोणत्या तारखांना हे सांगावे. शेवटी तीन मागण्या वेगळ्या ओळींत लिहाव्यात: पाहणी करावी, धुरांड्याचे नमुने घ्यावेत आणि पाहणी अहवालाची प्रत तक्रारदाराला द्यावी.

४. दुसरे दार वापरावे. उत्तर आले नाही, तर कर्नाटकच्या जनस्पंदन व्यवस्थेत १९०२ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. ग्रामपंचायतीचा ठराव जोडला, तर तक्रार एका माणसाची राहत नाही.

५. तातडीचा त्रास असेल, तर कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे जावे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली तो सार्वजनिक उपद्रव थांबवण्याचा सशर्त आदेश देऊ शकतो. शाळेशेजारी टायर जाळणारी भट्टी किंवा वस्तीत धूळ उडवणारी दाल मिल अशा प्रकरणात हा मार्ग बहुधा जास्त जलद ठरतो.

६. शास्तीची कारवाई पुढे न्यावी. शास्ती ठरवणारा अधिकारी केंद्राच्या सहसचिव किंवा राज्याच्या सचिव दर्जाखालचा नसतो. चौकशीचे नियम २०२४ मध्ये आले आहेत आणि नोटीस दिल्यापासून सहा महिन्यांत प्रकरण संपवावे अशी अपेक्षा आहे. रक्कम ठरवताना किती लोक आणि किती क्षेत्र बाधित झाले, भंग किती वेळा आणि किती दिवस झाला, भंगातून उद्योगाला काय लाभ झाला हे पाहिले जाते. वह्या, फोटो आणि ठराव इथे पुन्हा उपयोगी पडतात.

ज्या भंगासाठी फौजदारी न्यायालयाचा मार्ग अजून उरला आहे, तिथे नागरिकालाही तक्रार करता येते. त्यासाठी हवा कायद्याच्या कलम ४३ नुसार मंडळाला ६० दिवसांची नोटीस द्यावी लागते. त्या नोटिशीनंतर मंडळाकडचे संबंधित अहवाल मागण्याचा हक्क तक्रारदाराला मिळतो. ते देणे सार्वजनिक हिताविरुद्ध वाटले तरच मंडळ नकार देऊ शकते. या हक्काचा उपयोग फार कमी लोक करतात. मोठा कारखाना असेल, तर त्याचा विचार जरूर व्हावा.

मराठीत अर्ज चालतो का

या प्रश्नाचे उत्तर कागदागणिक वेगळे आहे. राज्यघटनेचे कलम ३५० प्रत्येकाला आपल्या गाऱ्हाण्याचे निवेदन केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत, कोणत्याही अधिकाऱ्याला देण्याचा हक्क देते. त्यामुळे प्रादेशिक कार्यालयाला मराठीत तक्रार देता येते आणि केवळ भाषेच्या कारणाने ती परत करता येत नाही. माहिती अधिकाराच्या अर्जाला हा नियम लागत नाही. तो इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत, म्हणजे कलबुर्गीत कन्नडमध्ये, करावा लागतो. कन्नड लिहिता येत नसेल, तर हिंदी अर्ज हा मराठी वाचकाला सर्वात सोपा पर्याय आहे. हरित न्यायाधिकरणाचे कामकाज इंग्रजीत चालते, म्हणून तिथे जोडायच्या कन्नड-मराठी कागदांची इंग्रजी भाषांतरे लागतात.

तक्रार मराठीत देण्याचा हक्क असला, तरी सोबत कन्नड प्रत जोडणे शहाणपणाचे आहे. पाहणीला येणारा अधिकारी तीच प्रत हातात घेऊन शेतात उतरतो. हक्कासाठी भांडण्यात एक हंगाम गेला, तर तेवढ्या हंगामाचा पुरावाही हातचा जातो.

पिकाची भरपाई हवी असेल तर

शास्तीची वाट पाहत बसू नये. हरित न्यायाधिकरण अधिनियम, २०१० च्या कलम १५ खाली प्रदूषणाने बाधित झालेली व्यक्ती नुकसानभरपाईसाठी स्वतंत्र अर्ज करू शकते. नुकसानीचे कारण पहिल्यांदा घडले त्या तारखेपासून पाच वर्षांच्या आत तो करावा लागतो. कारखाना बंद करावा किंवा अटी पाळायला लावाव्यात, एवढीच मागणी असेल तर कलम १४ लागू होते आणि तिथे मुदत फक्त सहा महिन्यांची आहे. योग्य कारण दाखवल्यास दोन्ही ठिकाणी आणखी ६० दिवस मिळू शकतात. ‘पहिल्यांदा’ या शब्दाकडे लक्ष द्यावे. दरवर्षी धूर येतो म्हणून मुदत दरवर्षी नव्याने सुरू होते, असे गृहीत धरून चालत नाही.

शुल्क भरपाईच्या रकमेच्या १ टक्का आणि किमान १,००० रुपये असते. भरपाई न मागता केलेल्या अर्जाला १,००० रुपये लागतात. भरपाई मागणारा दारिद्र्यरेषेखालचा असेल, तर त्याला शुल्क लागत नाही. महिला, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेल्यांना कलबुर्गी किंवा बीदर येथील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. अर्ज ऑनलाइन भरता येतो आणि सुनावणी व्हिडिओद्वारे होऊ शकते. त्यामुळे प्रत्येक तारखेला चेन्नईला जावे लागतेच असे नाही.

भरपाईच्या अर्जासाठी पुढील कागद जमवावेत:

- त्या वर्षाचा पहाणी उतारा. त्यात पेरलेले पीक नोंदलेले असावे. पहाणीत तूर आणि अर्जात ऊस असे झाले, तर दावा तिथेच ढासळतो.
- रैत संपर्क केंद्राच्या कृषी अधिकाऱ्याने केलेला पंचनामा. कलबुर्गी किंवा बीदरच्या कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञाने पानांवरच्या थराबद्दल दिलेले मत मिळाले, तर अधिक चांगले.
- मागील तीन वर्षांच्या विक्रीच्या पावत्या. कमी झालेले उत्पन्न त्यावरूनच दाखवता येते.
- धुरापासून दूर असलेल्या, त्याच जमिनीच्या आणि त्याच वाणाच्या शेताची तुलना. कीड, पाऊस आणि धूळ यांचा परिणाम वेगळा करून दाखवण्याचा हा सर्वात भरवशाचा मार्ग आहे.
- आजारपणाचा दावा असेल, तर डॉक्टरांच्या नोंदी तारखेसह. ‘दमा आहे’ एवढी चिठ्ठी पुरत नाही. त्रास कधी सुरू झाला हे त्यात असावे.

नोटीस आलेल्या लहान उद्योजकाचे हक्क

वीटभट्टी, खडी क्रशर किंवा दाल मिल चालवणाराही बहुधा याच गावचा असतो. मोठ्या कारखान्याकडे वकील असतो, त्याच्याकडे नसतो. म्हणून त्याने पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

धुरांड्याचा नमुना घेताना अधिकाऱ्याने मालकाला किंवा त्याच्या माणसाला नोटीस द्यावी लागते. नमुना त्याच्यासमोर भरून, खूण करून, सील करून, दोघांच्या सह्या घेऊन प्रयोगशाळेला पाठवावा लागतो. हवा कायद्याच्या कलम २६ मधील ही पद्धत पाळली नसेल, तर त्या नमुन्याचा अहवाल कायदेशीर कारवाईत पुरावा म्हणून चालत नाही. म्हणून नमुना घेताना हजर राहावे आणि झाले ते सगळे त्याच दिवशी लिहून ठेवावे. सही नाकारण्याने काही साधत नाही. नकार तसाच नोंदला जातो.

नोटिशीला मुदतीत लेखी उत्तर द्यावे. चूक झाली असेल तर ती मान्य करून सुधारणेचा दिनांकवार आराखडा द्यावा. मंडळाच्या आदेशाविरुद्ध ३० दिवसांत राज्याच्या अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते. शास्तीच्या निर्णयाविरुद्ध ६० दिवसांत हरित न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. या दोन मुदती एक नाहीत आणि त्यांची सरमिसळ झाल्याने अपील हातचे जाते. शास्ती भरली म्हणजे संमतीपत्राच्या अटी सुटल्या असे होत नाही, आणि पर्यावरण भरपाईही वेगळी देय राहू शकते.

नोव्हेंबर २०२४ पासून पांढऱ्या वर्गातील अगदी कमी प्रदूषण करणाऱ्या उद्योगांना संमतीपत्राची गरज नाही. आपला उद्योग कोणत्या वर्गात येतो हे मंडळाच्या यादीत पाहून खात्री करावी. शेजाऱ्याला लागत नाही म्हणून आपल्यालाही लागत नाही असे समजू नये.

वारंवार होणाऱ्या चुका

तोंडी तक्रार करून थांबणे ही सर्वात मोठी चूक आहे. आमदारांना, तहसीलदारांना, पत्रकारांना सांगितले जाते, पण मंडळाच्या आवक नोंदीत कागद नसतो आणि पुढे न्यायाधिकरणासमोर पहिली तक्रार कधी केली याचे उत्तर देता येत नाही. दुसरी चूक कारखान्याकडून एकरकमी पैसे घेऊन कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही करणे. त्या कागदात यापुढे तक्रार नाही असे लिहिलेले असेल, तर पुढचा दावा अडचणीत येतो. तिसरी चूक चुकीच्या राज्याच्या मंडळाकडे जाणे. ती वर सांगितली आहे, पण करजगी, मणूर आणि माशाळच्या बाजूला ती सहज घडू शकते, म्हणून पुन्हा नमूद केली.

तक्रार मागे घेण्यासाठी दबाव येण्याची भीती असेल, तर ती एकट्याने न करता ग्रामपंचायतीच्या ठरावासह आणि अनेकांच्या सह्यांनी करावी. पोच, वही, फोटो आणि पहाणी यांच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवाव्यात.

तक्रारीची वेळही महत्त्वाची आहे. उसाचे गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होते आणि मार्चच्या आसपास बॉयलर विझतात. बॉयलर विझल्यावर धुरांड्याचा नमुना घेता येत नाही. साखर कारखान्याविषयीची तक्रार असेल, तर ती गाळप सुरू झाल्याच्या पहिल्या महिन्यातच प्रादेशिक कार्यालयात पोच घेऊन द्यावी.